वेग भिंतीचा, माणसांचा नाही

मातीचं घर बांधायला या म्हटलं की माणसं येतात. चिखल तुडवायला मिळणार, या एका आनंदावर कितीतरी जण लांबून येतात. त्यामुळे शेताच्या तुकड्यावरची ही खोली बांधताना मदत कुठून आणायची, ही काळजी मला पडलीच नाही. आलेल्या हातांना भिंतीपासून थोडं दूर कसं ठेवायचं, याचाच विचार जास्त करावा लागला.

आम्ही विटा पाडत नाही. चिकणमाती, वाळू, काड आणि पाणी तुडवून केलेला गारा थेट जोत्यावर रचत वर जातो. याला कॉब म्हणतात. ओल्या गाऱ्याची भिंत स्वतःच्याच वजनानं पोट काढते, म्हणून एका वेळी दीड-दोन फुटांचा थर रचायचा आणि तो घट्ट होईपर्यंत थांबायचं. इंग्लंडच्या डेव्हन भागात अशी शेकडो वर्षं जुनी घरं आजही राहती आहेत. तिथले कारागीरसुद्धा हवा बघून प्रत्येक थर वाळू द्यायचे. आमच्याकडे दहा उत्साही माणसं असली तर दुपारीच थर पूर्ण होतो, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘अजून एक चढवू या ना!’ त्या क्षणी नाही म्हणणं हे माझं मुख्य काम.

मग ते हात कुठे लावायचे? माती पारखायला. हे काम मला मनापासून आवडतं आणि नवख्या माणसालाही ते लगेच कळतं. काचेच्या बरणीत थोडी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून बरणी ठेवून द्यायची. वाळू पहिल्या काही मिनिटांतच तळाशी बसते, गाळ मागाहून, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधी कधी दुसऱ्या दिवशी. थर डोळ्यांना दिसतात. पण बरणीवर थांबायचं नाही. त्याच मातीत कमी-जास्त वाळू घालून नमुन्याच्या विटा थापायच्या, प्रत्येकीवर प्रमाण कोरायचं आणि सावलीत वाळवायच्या. चिकणमाती जास्त झाली तर वीट आकसून भेगाळते, वाळू जास्त झाली तर कडा बोटानं घासताच झडतात. पाण्यानं फुगणारी काळी माती आम्ही भिंतीत घेतच नाही.

तुडवणं ताडपत्रीवर चालतं. दोघांनी समोरासमोर टोकं धरून गारा उलटायचा, पुन्हा पायाखाली घ्यायचा. काड शेवटी, थोडं थोडं टाकायचं. गोळा तोडायला गेलं आणि काडांनी तो धरून ठेवला, की गारा तयार.

रचताना मात्र प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणी मोठा गोळा दाबून बसवतो, कुणी छोटे गोळे नुसते ठेवत जातो, आणि दोघांच्या कामात सांधा राहतो. म्हणून शेजारच्याचा गारा आपल्या गाऱ्यात अंगठ्यानं दाबून एकजीव करायचा, हे मी सगळ्यांना आधीच सांगते. दिवस संपताना थराच्या माथ्यावर काठीनं भोकं पाडायची आणि ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे पुढचा थर धरतो. ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी, एकाच माणसाच्या हातात. आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावची १९०७ साली बांधलेली मातीची मशीद दरवर्षी सगळं गाव मिळून लिंपतं, पण तिथेही काम गवंड्यांच्या देखरेखीखालीच होतं. हात कितीही असोत, नजर एकाची हवी.

जोतं दगडाचं आहे, चांगलं उंच. त्या कामाचे फोटो कुणी काढले नाहीत, पण जमिनीतली ओल आणि पावसाचे शिंतोडे तेच अडवणार आहे. वरून लांब वळचण येईल.

‘थोडं सिमेंट घाला’ हा सल्ला दर खेपेला मिळतो. मी घालणार नाही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटच्या गिलाव्याला भेग पडली की पाणी आत शिरतं, पण वाळून बाहेर निघायला वाट राहत नाही. वरून सगळं धडधाकट दिसतं आणि आत माती मऊ होत जाते. शिवाय नुसती माती असली, तर वाकडा आलेला भाग फावड्यानं तासून, पाण्यात भिजवून पुन्हा भिंतीत घेता येतो. शिकणाऱ्या हातांसाठी याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही.

आता खिडकीच्या वरचा थर वाळतोय. तोवर माती चाळणं आणि गिलाव्याचे नमुने करणं, एवढंच काम आहे. भिंत रचायला मिळेल या आशेनं येणाऱ्यांनी थोडं थांबा. गिलाव्याला येणार असाल तर अंगठ्या घरी ठेवून या. आतून माती लिंपायची, ती उघड्या हातांनी. बाहेरून चुना आहे. तो कातडी आणि डोळे जाळतो, त्यामुळे त्या दिवशी हातमोजे आणि चष्मा नसेल तर मी कुणालाही घमेल्याजवळ येऊ देणार नाही.