पत्र्यावरचं पाणी

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचा पाणीवापर तपासायला गेले होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून सर्वात मोठ्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामांचा, अहवाल बंधनकारक केला. आता अशा कंपन्यांसारखे मोठे खरेदीदार मिलवाल्यांकडंही लेखी पर्यावरण आराखडा मागतात. शेठजींचा कच्चा आराखडा तयार होता: सोलर, एलईडी, पाच जूनला झाडं. पाण्यापुढं एकच शब्द होता, टँकर.

बोलता बोलता पाऊस आला, आणि चांगलाच आला. बाहेर पाहते तर फाटकाशी टँकर हौदात रिकामा होतोय आणि त्याच्या शेजारीच शेडच्या पत्र्यावरचं पाणी धो धो रस्त्यावर पडतंय. मुकादम मामा म्हणाले, "दरवर्षी असंच वाया जायलालंय बघा, मॅडम."

मी पन्हाळीखाली पंधरा लिटरची बादली धरली. दहा सेकंदांच्या आत ती भरून वाहू लागली. पाणी आधी गढूळ होतं, तूरीचा भुसा आणि पारव्यांची घाण घेऊन आलेलं. थोड्या वेळानं नितळ झालं. म्हणून सुरुवातीचं पाणी बाहेर सोडायची तोटी हवीच.

मग शेठजींसमोर हिशोब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शेड 10,000 चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे 930 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला आणि वीस टक्के गळती सोडली, तरी 5 लाख 20 हजार लिटर होतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत साधारण 5 लाख लिटरच पाणी होतं. ती बघायला शेठजी स्वतः स्टेशनवर गेले होते. ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले.

माझं मत ठाम आहे: लातुरात आराखड्याचं पहिलं पान पाण्याचंच हवं, झाडं त्यानंतर. शेठजींनी मुनीमजींना लगेच पन्हाळी, गाळणी आणि टाकीचं कोटेशन मागवायला सांगितलं. टाकी भरल्यावर उरलेलं पाणी गाळूनच बोअरमध्ये सोडायचं ठरलं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतूनच मुरतं, आणि गाळानं फटी बुजल्या की बोअर गेलाच.

निघताना मामांनी विचारलं, "माझं घर तीनशे फुटांचं, पत्र्याचंच. किती होईल?"

"साडेपंधरा हजार लिटर."

"मग टिपाडं किती घेऊ?"

"दोन बास. पावसाळाभर भरतील, तुम्ही उपसत राहा."