गव्या निघाला गोवा बघायला

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पण खरा गवा दिसायला नशीब लागतं, म्हणून भाचीच्या हट्टापायी आमच्या आईने तपकिरी ब्लाउजपिसाचा एक शिवून दिला. पोटात जुन्या उशीचा कापूस, डोळ्यांना शर्टाची बटणं आणि चारही पायांत पांढरे मोजे, कारण खऱ्या गव्याचे पायही गुडघ्याखाली पांढरेच असतात. नाव गव्या. दिवाळीच्या सुट्टीत त्याला गाडीच्या काचेपाशी बसवून ताई, भाची आणि मी तीन दिवस भटकलो. नियम एकच: गव्या म्हणेल तिथे गाडी थांबणार. आता गव्याचा आवाज काढणार भाची, त्यामुळे तासाच्या रस्त्याला दोन तास धरून चला.

मुक्काम फोंड्यातच, घरी. बाहेरून येणाऱ्यांनीही फोंड्यात राहावं असं माझं मत. किनाऱ्यावरून रोज गर्दी कापत येण्यापेक्षा बरं.

पहिला दिवस तांबडी सुर्लाचा. मोलेच्या पुढे रानातला रस्ता अरुंद आहे, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं हे महादेवाचं देऊळ. आजूबाजूला सगळी जांभ्याची तांबडी माती आणि देऊळ मात्र काळ्या पाषाणाचं. मंडपात नंदी आहे, पण त्याला डोकंच नाही. भाचीने गव्याला बाहेरूनच तो दाखवला आणि बराच वेळ त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं कोरलंय, तेही चुकवू नका. देवळाचं तोंड पूर्वेला, तेव्हा सकाळी लवकर जा. आम्ही साडेअकराला पोचलो आणि पायऱ्यांवर अनवाणी नाचलो. दूधसागर ह्या वेळी सोडला. कुळ्यातून जीप घेऊन तिथे जाण्यात अख्खा दिवस जातो.

संध्याकाळी परत येताना गाड्यावर रस ऑम्लेट खाल्लं. गव्याला प्लेटीशेजारी उभा केला होता. पाव बुडवताना माझं कोपर लागलं आणि शागुतीच्या, म्हणजे नारळ-मसाल्याच्या कोंबडीच्या, रसात त्याचा पुढचा उजवा पाय थेट गुडघ्यापर्यंत. भाची रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त वाईट.

दुसरा दिवस मला सगळ्यात आवडला. जुन्या गोव्याला चर्च बघायला लोक येतात आणि तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर जा, गाडी फेरीबोटीवर चढवा आणि दिवाडी बेटावर उतरा. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, सुटे पैसे जवळ असू द्या. आम्ही कठड्याला टेकलो तेव्हा बोटीवरच्या माणसाने गव्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या गव्याक तिकेट काडलां?" भाचीने गंभीरपणे त्याला एक चॉकलेट दिलं.

दिवाडी आरपार करून पलीकडच्या धक्क्यावरून दुसरी फेरी घेतली की नार्वे. तिथला सप्तकोटेश्वर महादेव मुळात दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं आणि देव नदीपार नार्व्याला आला. तिथलं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवलं. मी हे शाळेत शिकलो होतो, पण ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावर बोटीत उभं राहिल्याशिवाय ते उमगलं नाही. ताई गप्प होती, गव्यासुद्धा. मग मये तळ्याकाठी डबा खाऊन हरवळ्याचा धबधबा. पावसाळा सरला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी असतं. खडकांना शेवाळ आहे, फोटोसाठी पुढे सरकू नका.

तिसऱ्या दिवशी लोटली गाव. तिथल्या बिग फूट संग्रहालयात जांभ्याच्या एकाच आडव्या कातळावर संत मीराबाई कोरलीय, चौदा मीटर लांब. तिच्या तंबोऱ्यापुढे गव्या मुंगीएवढा दिसतो.

शेवट पणजीत, जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा पाद्री संमोहनासाठी युरोपात गाजला. लिस्बनजवळ प्रवचनाला उभा राहिल्यावर त्याची बोबडी वळली, तेव्हा बापाने खालून हळूच "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" म्हटलं आणि गाडी सुटली, असं सांगतात. पुतळ्यात तो एका बाईवर हात उगारून उभा आहे नि ती मागे कोसळतेय. भाचीने तिच्या खाली गव्याला उताणा झोपवला. गाडी लांब लावा आणि चालत या. मी पुतळ्याभोवती चार घिरट्या घातल्या.

गव्याचा मोजा लिंबू, खायचा सोडा, ऊन सगळं करून अजून पिवळाच आहे. पोरांचं खेळणं बरोबर नेणार असाल तर गडद पायांचं न्या.