पिसदुरा: माहितगार करू नका, धुरे बघा

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी शेतांत आणि धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडतात; ते बघायला गेलो होतो. वरोऱ्यात भेटलेल्या एका 'माहितगारा'ने दीड हजार घेतले आणि नाल्याकाठी नेऊन पांढऱ्या गोट्यांचा ढीग दाखवला. म्हणे डायनासोरची हाडं! विदर्भात काळ्या जमिनीखाली जागोजागी मिळणारी चुनखडी होती ती. परतताना पिशवीतून एक गोल दगड काढला, हे 'अंडं', याचे पाच हजार वेगळे. असल्या माणसाला गाडीत घेऊच नका. थेट गावात जा, शेत कुणाचं ते विचारा, परवानगी घ्या. पैसे लागत नाहीत.

आता शेतांकडे जाणाऱ्या पांदणीबद्दल. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि गाडीवाल्याने गावाबाहेरच हात वर केले. पुढे काळी माती. चार पावलांत बुटाला दोन-दोन किलोचा गोळा, खरवडला की पुन्हा तेवढाच. काठी चिखलात रुतून तिथेच राहिली. ट्रेकिंगचे भारी बूट इथे कुचकामी, गुळगुळीत तळाचे गमबूट बरे. पण पावसाशिवायही जमत नाही, कारण माती धुपली की माल उघडा पडतो. पाऊस झाला की दोन कडक उन्हं पडू द्या, मग निघा. पीक उभं असताना शेतात पाय टाकू नका.

इथला माल म्हणजे डायनासोरच्या काळातली विष्ठा, दगड झालेली. लॅमेटा थरातली, म्हणजे लाव्हाच्या खालच्या गाळाच्या खडकातली, साधारण सात कोटी वर्षांपूर्वीची. मी वाकून चाळत होतो तेव्हा बांधावरचे काका म्हणाले, "काय शोधून राहिले जी? हे गोटे तर आम्ही धुऱ्यावर फेकतो." मग धुरेच चाळले, आणि तासाभरात जे मिळालं ते दिवसभराच्या पायपिटीत मिळालं नव्हतं!

ओळखायचं कसं? चुनखडी ओबडधोबड, गाठी-गाठींची, फुटलेली बाजू खडूसारखी पांढरट, आत मातीचे कण. विष्ठेच्या दगडाचा पृष्ठभाग त्यामानाने गुळगुळीत, आकार लांबट, कधी एका टोकाला निमुळता, मध्ये आवळल्यासारख्या खाचा. हाडाला बाहेर घट्ट कवच आणि आत बारीक छिद्रांची जाळी असते. कासवाच्या कवचाचे चपटे तुकडेही मिळतात, त्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट थर आणि मधे जाळी. दहापट भिंग पुरेसं आहे, हातोडी घरी ठेवा.

'अंड्या'चं सांगायचं तर, बेसॉल्टचा दगड झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि गोल गाभा उरतो. सह्याद्रीत घाटाच्या कडेला असे शेकडो पडलेले असतात. बेसॉल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात कुणी अंडी घालत नाही. जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या थरांखालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात. खऱ्या अंड्याला टरफल असतं, काही मिलिमीटरचं, आणि भिंगातून त्यावर बारीक दाणे दिसतात. टरफल नाही, तर एक रुपयाही देऊ नका.

धुऱ्यावर पडलेल्या या गोट्यांची किंमत कमी समजू नका. 2005 साली शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी इथल्याच विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण दाखवले. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, ही समजूत तिथेच मोडली. 2011 मध्ये त्यातच भाताच्या कुळातल्या गवताचे पुरावे निघाले. पिशवी भरून नेलेला दगड मात्र अभ्यासाला निम्मा वाया जातो, कारण तो कुठल्या थरातला ते कळत नाही. म्हणून काही वेगळं दिसलं, विशेषतः जमिनीत रुतलेलं हाड, तर उकरू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा आणि नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा.

आनंदवनही पाहिलं, ते ठीकच. गाडी ठरवताना येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. चिखलाने माखलेली गाडी धुवायचे म्हणून आमच्याकडून वेगळे पाचशे उकळले.