माझा कित्ता, तिचा ळ

गुरुवार, रात्री अकरा

आज पुण्यातल्या एका कलामहाविद्यालयात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला मी आयुष्यात पहिल्यांदा शिकवले. औषधांची खोकी, मसाल्यांची पाकिटे आणि दुकानांच्या पाट्या यांवरची देवनागरी अक्षरे रेखाटण्यात माझी सोळा वर्षे गेली आहेत, त्यामुळे अक्षरलेखनावर तीन तास बोलणे अवघड जाणार नाही, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सर्वांत अवघड गेले ते हात आवरणे.

सुरुवातीला सर्वांना ळ लिहायला सांगितला. दोन गाठी आणि त्यांतली मोकळी जागा यांचा तोल साधणे सोपे नसते. लहान आकारात छापताना शाई पसरली की पहिल्यांदा याच अक्षराचे पोट भरून जाते. खिडकीजवळच्या मुलीने रोमन सुलेखनाच्या सवयीने पेन धरले होते. देवनागरीसाठी बोरूचे टोक उलट्या बाजूने तिरके कापतात आणि त्यामुळे जाडपणाही उलट्या तिरप्यात येतो. तिच्या ळमध्ये तो नेमका चुकीच्या ठिकाणी आला होता. मी तिच्या हातातले पेन घेतले आणि तिच्याच कागदावर तीन ळ काढून दाखवले. कार्यालयात आम्ही असेच काम करतो, कनिष्ठाच्या रेखाटनावर लाल पेन्सिल फिरवतो आणि दुपारपर्यंत काम छपाईला जाते. पुन्हा तिच्यापाशी आले तेव्हा तिने दोन ओळी भरल्या होत्या आणि त्यांतला प्रत्येक ळ माझा होता. उजवी गाठ किंचित खाली उतरते ही माझ्या हाताची लकबही तिने प्रामाणिकपणे उचलली होती. मी तिला अक्षर समजावून दिले नव्हते, कित्ता घालून दिला होता. मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी दोन्ही हात मागे बांधून वर्गात फिरले. एका मुलाने ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे भित्तिचित्राचे शीर्षक संगणकावर टंकून, त्यावरून मोठे रेखाटले होते. मात्र टंकताना कळफलकावरचा वेगळा ऱ न वापरल्यामुळे त्याच्या कागदावर ‘दर्या’ उमटला होता. मी त्याला फक्त मोठ्याने वाचायला सांगितले. दुसऱ्यांदा वाचताना तो मध्येच थांबला, म्हणाला, “मॅडम, हा तर समुद्र झाला,” आणि त्याने स्वतःच खोडरबर उचलले. मूळ ओळ मंगल या फाँटमध्ये होती. तो फाँट घडवणारे र. कृ. जोशीसुद्धा जाहिरातक्षेत्रात कला दिग्दर्शक होते आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागले, हे मी मुलांना सांगितले. विद्यार्थ्याच्या कागदाशी उभे असताना ते आपला हात कसा आवरत असतील, हे मला त्यांना विचारायला फार आवडले असते.

शेवटच्या अर्ध्या तासात एका मुलीने विचारले, “शिरोरेखा उभ्या दांड्यापेक्षा बारीक का ठेवायची?” ग्राहकाला मी “नजरेला बरे वाटते” असे सांगते आणि त्याचे तेवढ्यावर समाधान होते. तिचे झाले नाही, आणि ते योग्यच होते. मी सर्वांना समान जाडीच्या पट्ट्यांनी अधिकचे चिन्ह काढायला लावले. आडवी पट्टी जाड दिसते, असे बहुतेकांचे मत पडले; दोघांनी मोजपट्टीने मोजून पाहिले, तर दोन्ही आठ मिलिमीटर भरल्या. मग कोणी न सांगता त्यांनी आपापल्या शिरोरेखा तपासायला घेतल्या. इतकी वर्षे जे केवळ हाताला ठाऊक होते, त्याचे कारण मी स्वतःही असे मांडून कधी पाहिले नव्हते.

तास संपल्यावर खिडकीजवळची ती मुलगी आपला कागद बाकावर ठेवून निघून गेली. तो आता माझ्यासमोर आहे. माझ्या तीन अक्षरांच्या वर, पहिल्या ओळीत, तिचे स्वतःचे चार ळ आहेत, आणि त्यांतल्या चौथ्याच्या डाव्या गाठीला मला कधी न सुचलेली एक ऐसपैस गोलाई आहे. सकाळी ती गोलाई मला दिसलीच नव्हती. पुढच्या गुरुवारी त्या मुलीला हा चौथा ळ दाखवायचा आहे. तिच्यासाठी एक बोरू तासून ठेवला आहे. दुसरा न तासताच नेणार आहे, म्हणजे त्याचे टोक तिला स्वतः कापता येईल.