तापाशी न जुळणारी नाडी

पेशंट पन्नाशीचे गृहस्थ. ताप, कोरडा खोकला आणि डोकं असं दुखत होतं की खोलीतला दिवाही सहन होईना. दाखल होण्याआधी सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली होती, उतार शून्य. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ठळक पांढरेपणा. न्यूमोनिया होता हे उघडच, पण कशाचा?

मी अडकलो तो नर्सने भरलेल्या तक्त्यावर. ताप १०३, नाडी ८२. एवढ्या तापात नाडी शंभरी सहज ओलांडते. मनगट धरून पूर्ण मिनिटभर स्वतः मोजली, तेवढीच भरली. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी वगैरे काही चालू नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल, दाह दाखवणारं सीआरपी मात्र भरमसाट, यकृताची एन्झाइम्स किंचित वाढलेली. न्यूमोनियाबरोबर हे सगळं दिसलं की लिजिओनेला, जनावरांकडून येणारा क्यू फीव्हर आणि पक्ष्यांकडून येणारा सिटाकोसिस ही नावं डोक्यात यायलाच हवीत.

"घरी पक्षी पाळता का?"

"नाही."

मग महिनाभरात पिंजरा, खुराडं, पिसं, विष्ठा, कशाशी तरी संबंध आला का, असं विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उत्तर मुलीने दिलं. दोन कॉकटील, म्हणजे पोपटाच्या जातीचे छोटे पक्षी, होते. एक पिसं फुगवून बसायला लागला, हिरवट पातळ शी करू लागला आणि मेला. दुसरा मावशीकडे दिला. रिकाम्या पिंजऱ्यातली वाळलेली घाण बाबांनी बंद खोलीत खरवडून झाडली, आणि ताप त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आला. सिटाकोसिसचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, बहुतेकदा ५ ते १४ दिवसांचा असतो.

सिटाकोसिसचा क्लॅमिडिया सिटासाय हा जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो आणि पेशींच्या आत वाढतो. सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लगेच सुरू केलं. घशाचा स्वॅब आणि थुंकी पीसीआरला, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवली, पण रिपोर्टची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. अँटिबॉडीची तपासणी तर दोन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेतल्याशिवाय खात्रीचं काही सांगत नाही. कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याच्या, भानगडीत सहसा कोणी पडत नाही. १९२९-३० च्या साथीत या जंतूवर काम करणारे प्रयोगशाळेतले लोकच आजारी पडले होते, काही दगावलेही.

दोन दिवसांत ताप उतरला, डोकं हलकं झालं. पीसीआर नंतर पॉझिटिव्ह आलं, तोवर पेशंट उठून जेवत होते.

माझं लक्ष मात्र त्या दुसऱ्या पक्ष्याकडे होतं. मुलीने मावशीला फोन लावून माझ्या हातात दिला. "अहो, छान आहे तो, दिवसभर शीळ घालतो," मावशी म्हणाल्या. वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही जंतू सोडत असू शकतो, हे त्यांना समजावलं, तो पशुवैद्याकडे नेईपर्यंत पिंजरा झाडायचा नाही, जंतुनाशकाने ओला करून मास्क लावूनच पुसायचा, असं बजावलं. घरात कुणाला ताप-खोकला आहे का, हेही विचारून घेतलं. नव्हता.