झेडव्हीएस ड्रायव्हरवर फ्लायबॅक: माझा अनुभव

जुन्या सीआरटी (पिक्चर ट्यूबच्या) टीव्हीतला फ्लायबॅक, म्हणजे उच्च व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपले टीव्ही दुरुस्त करणारे ईएचटी किंवा एलओटी म्हणतात, तो चालवून ठिणगी काढायला मी झेडव्हीएस (झिरो व्होल्टेज स्विचिंग) ड्रायव्हरच पसंत करतो. 555 टायमर आयसी आणि एका मॉसफेटवरही (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) ठिणगी पडते, पण तो मॉसफेट फार तापतो. झेडव्हीएसमध्ये मॉसफेटच्या ड्रेनचं (ज्या टोकातून करंट आत येतो) व्होल्टेज शून्याजवळ आल्यावरच स्विचिंग होतं, म्हणून तो कमी तापतो.

मॉसफेट दोन, आयआरएफपी260एन. प्रत्येक गेटला (मॉसफेट चालू-बंद करणारं टोक) सप्लायकडून 470 ओहमचा रेझिस्टर. तो 2 वॉटचाच घ्या, पाव वॉटचा काही क्षणांत काळा पडतो. गेट आणि ग्राउंडमध्ये 10 किलोओहम आणि 12 व्होल्टचा झेनर डायोड, कारण गेटला 20 व्होल्टच्या वर सोसत नाही. गेटपासून समोरच्या मॉसफेटच्या ड्रेनकडे यूएफ4007 हा जलद डायोड, कॅथोड ड्रेनच्या बाजूला. इथे 1एन4007 लावू नका, तो बंद व्हायला फार वेळ घेतो. दोन्ही ड्रेनच्या मध्ये 0.68 मायक्रोफॅरडचा एमकेपी (पॉलिप्रॉपिलीन) कपॅसिटर. साधा पॉलिएस्टर इथे हाताला चटका बसेल इतका तापतो. मॉसफेटचा धातूचा पत्रा म्हणजेच ड्रेन, त्यामुळे एकाच हीटसिंकवर बसवताना खाली अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर हवाच.

प्रायमरी फेराइटच्या उघड्या दांड्यावर, जाड इन्सुलेटेड वायरचे 5 अधिक 5 वेढे, दोन्ही एकाच दिशेने. पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जोडली की सेंटर टॅप. तो 100 मायक्रोहेन्री, 10 अँपिअरच्या चोकमधून (फेराइटवरची कॉइल) सप्लायला जातो. प्रायमरी 20 मायक्रोहेन्री भरली तर फ्रीक्वेन्सी साधारण 43 किलोहर्ट्झ येते.

सगळा खेळ आहे तो ऑसिलेशन सुरू होण्याचा. ते सुरू झालं नाही तर दोन्ही मॉसफेट एकदम चालू राहतात आणि सप्लाय थेट शॉर्ट होतो. प्रायमरीचा एक अर्धा भाग उलटा गुंडाळला गेला तर हेच होतं. व्होल्टेज हळूहळू चढवलं तरी हेच. म्हणून बेंच सप्लायचा नॉब फिरवत शून्यावरून वर जाऊ नका. आधी 24 व्होल्ट तयार ठेवा, मग स्विच टाका. लहान एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) सुरुवातीच्या झटक्याला दबतो, गेटला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि मॉसफेट जातो. यूपीएसच्या 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि 10 अँपिअरचा फ्यूज, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. 24 व्होल्टवर ड्रेनचं शिखर साधारण 75 व्होल्टपर्यंत जातं, म्हणजे 200 व्होल्टच्या मॉसफेटला भरपूर मोकळीक राहते.

रिटर्न पिन (उच्च व्होल्टेज आउटपुटचं दुसरं टोक) शोधायला फ्लायबॅकची जाड लाल वायर प्लास्टिकच्या लांब दांडीला बांधून खालच्या पिनांजवळ न्या. जिथे ठिणगी सर्वांत लांब आणि जोरकस, ती रिटर्न. तिला वायर जोडून दोन टोकांत एखादा सेंटीमीटर अंतर ठेवा. टोकं फार लांब ठेवून चालवलं तर व्होल्टेज वाट काढतं ते फ्लायबॅकच्या आतून, आणि इन्सुलेशन फुटतं.

हा धक्का जीव घेऊ शकतो. आतल्या डायोडमुळे आउटपुट डीसी असतं आणि बंद केल्यावरही चार्ज शिल्लक राहतो. हात लावण्याआधी लाल वायर रिटर्नला टेकवाच. टीव्हीतून फ्लायबॅक काढतानाही पिक्चर ट्यूबचा अ‍ॅनोड आधी डिस्चार्ज करा. आर्कमुळे ओझोन तयार होतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवर हा प्रयोग अजिबात नको: त्याचा करंट कित्येक पट जास्त असतो.