योनाचा राग आणि निनवेवरची दया

बायबलच्या जुन्या करारात देवाच्या दयेची सर्वांत स्पष्ट ग्वाही निर्गमाच्या ३४व्या अध्यायात आहे. पण ती कोणत्या प्रसंगी दिली गेली, याकडे वाचताना आपले सहसा लक्ष जात नाही. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी इस्राएली लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले, त्यांचा पुढारी मोशे याने संतापाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या, छावणीत सुमारे ३,००० माणसे मारली गेली; आणि त्यानंतर नव्या पाट्या घेऊन पर्वतावर चढलेल्या मोशेला परमेश्वर सांगतो की, आपण दयाळू, कृपाळू, मंदक्रोध आणि दया व सत्य यांनी परिपूर्ण आहोत. अपराध्याची गय होणार नाही आणि वडिलांच्या पापाचा झाडा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जाईल, हेही त्याच उद्गारात आहे. उपासनेत आपण तेवढे सोयीस्करपणे गाळतो.

गणनेच्या १४व्या अध्यायात मोशे हेच शब्द देवाला ऐकवून लोकांसाठी क्षमा मागतो. क्षमा मिळते, मात्र बंड करणारी ती पिढी ४० वर्षे अरण्यातच राहते आणि वचनदत्त देश तिच्या मुलांना मिळतो. दिलेला शब्द टळत नाही आणि केलेले कर्मही टळत नाही.

योना या संदेष्ट्याच्या तोंडी मात्र ही ग्वाही चक्क तक्रार होऊन येते. ज्या अश्शूरने पुढे इ.स.पू. ७२२च्या सुमारास राजधानी शोमरोन घेऊन इस्राएलचे राज्य बुडवले, त्याच अश्शूरच्या निनवे नगरीला सावध करण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने पळून जाण्यासाठी याफो बंदरात दूरच्या तार्शीशचे जहाज गाठले. तो भ्याला असेल, असे आपण धरून चालतो. पण शेवटी तो निनवेला जातो, नगरी पश्चात्ताप करते आणि देव तिचा नाश टाळतो; तेव्हा चौथ्या अध्यायात तो स्वतःच कारण सांगतो की, तू दयाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. शत्रू सुटला, हे त्याचे दुःख. मला हा माणूस, खरे सांगायचे तर, पुष्कळ संदेष्ट्यांपेक्षा जवळचा वाटतो.

अमळनेर तालुक्यातील एका गावी घरगुती प्रार्थनेत हा अध्याय वाचला, तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्याने मध्येच विचारले, “मंग आमना बांध कोरस, त्याले बी हाई दया शे का?” शेजाऱ्याने दरसाल नांगरटीत त्यांचा बांध थोडाथोडा आत घेतला होता. पाळकसाहेब काही बोलण्याआधी मीच त्यांना शेवटची ओवी वाचून दाखवली, जिथे देव योनाला विचारतो की, ज्यांना उजवाडावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरीत आहेत, तिच्याबद्दल मला कळवळा वाटू नये काय? योनाचे उत्तर ग्रंथात दिलेले नाही. त्या शेतकरी दादांनीही दिले नाही.

मग नहूमाचे पुस्तकही उघडावे लागले. योनाच्या पुस्तकानंतर मध्ये फक्त मीखाचे, आणि लगेच हा संदेष्टा त्याच निनवेविषयी बोलताना तेच शब्द घेतो: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण अपराध्याला मोकळे सोडत नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडली. एका नगरीविषयीच्या या दोन्ही साक्षी संकलकांनी शेजारी ठेवल्या, एकीसाठी दुसरी काढून टाकली नाही, यावर माझा फार विश्वास बसतो. दादांनी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला आहे आणि शेजाऱ्यासाठी प्रार्थनाही सुरू केली आहे. या दोहोंपैकी एकही त्यांनी सोडावे, असे मला तरी वाटत नाही.